अकरावीच्या मुलांना कुरुंदकर कुठून वाचायला द्यावेत?

उदगीरची शिक्षिका

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. यंदा 17 सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमात मुलांनी नांदेडचे विचारवंत आणि समीक्षक नरहर कुरुंदकर यांच्यावर बोलावं असं ठरवलं. वर्गात विचारलं तर एकालाही नाव माहीत नव्हतं. उदगीरहून नांदेड काय लांब आहे! मनाला फार लागलं.

उत्साहाच्या भरात त्यांच्या ‘धार आणि काठ’मधली काही पानं झेरॉक्स करून वाटली. चुकलंच माझं. ज्यांनी कादंबऱ्याच वाचल्या नाहीत त्यांना मराठी कादंबरीच्या वाटचालीची चिकित्सा कशी पेलणार? चौथ्या पानापुढे कुणी गेलं नाही.

दुसरी अडचण स्टाफरूममधली. कुरुंदकर इंटरला, म्हणजे तेव्हाच्या बारावीला, अनेकदा नापास झाले होते, हे मुलांना सांगू नका असं दोघा ज्येष्ठांचं म्हणणं आहे. मुलं भलताच अर्थ घेतील म्हणतात. मला ते लपवावंसं वाटत नाही. काय करू?

वसमतचा मास्तर

ताई, मी सरांना पाहिलेलं नाही. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादला त्यांचं निधन झालं, तेव्हा मी दुसरीत होतो. त्यांची पन्नाशीही झाली नव्हती. पण कुरुंदा आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे नाव लहानपणापासून कानावर.

तुम्ही ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना घ्या. कादंबरी रणजित देसाईंची, प्रस्तावना कुरुंदकरांची. मी ती नववीला वाचून दाखवतो. हातात देत नाही, मोठ्यानं वाचतो, कारण हा माणूस लिहितानाही वर्गात उभा असल्यासारखा लिहितो. आधी प्रश्न टाकतो. लढाया जिंकणारे राजे पुष्कळ झाले, मग शिवाजी महाराजांचं वेगळेपण कशात? आणि उत्तर शोधायला तो महाराजांच्या मृत्यूनंतरच्या काळात जातो. 1680 ला महाराज गेले. 1689 ला संभाजी महाराजांची हत्या झाली. 1700 ला राजाराम महाराजही गेले. औरंगजेब स्वतः दक्षिणेत ठाण मांडून बसलेला. तरी 1707 मध्ये तो मरेपर्यंत माणसं लढत राहिली. पगाराची शाश्वती नाही, डोक्यावर छत्र नाही. ही माणसं का लढली?

मी इथं थांबतो आणि पुस्तक मिटतो. मुलांनी आधी उत्तर द्यायचं, मग पुढचं पान.

गेल्या वर्षी एक मुलगी उठून म्हणाली, “सर, वतन मिळेल म्हणून लढले असतील.” मला लगेच काही सुचेना. तिचं खोटं नव्हतंच, राजाराम महाराजांच्या काळात वतनं दिली गेली. त्या रात्री घरी प्रस्तावना पुन्हा काढून बसलो. दुसऱ्या दिवशी अख्खा तास वर्ग त्यावर भांडला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असे तास मला बोटांवर मोजण्याइतके मिळाले.

आता नापास होण्याचं. सांगा, पण पुढचंही सगळं सांगा. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तरकी, ती करता करता बी.ए., एम.ए., मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि शेवटी तिथंच प्राचार्य. इंटरच्या निकालानं त्यांचं वाचन थांबलं नाही. मामा ना. गो. नांदापूरकर हैदराबादला मराठीचे प्राध्यापक, मोरोपंत-मुक्तेश्वरांचे अभ्यासक. घरातच विद्वत्ता होती. शाळामास्तर असलेला माणूस भरताच्या नाट्यशास्त्रावर अधिकारानं बोलायचा, हे ऐकून मुलांना नापास व्हावंसं कसं वाटेल? आमच्या वर्गात दरवर्षी दोन-तीन पोरं मान खाली घालून बसलेली असतात. त्यांच्यासाठी तरी हे सांगाच.

नांदेडकर, सध्या पुणे

मास्तरांशी सहमत. फक्त कार्यक्रम 17 सप्टेंबरचा आहे, तर त्यांच्या ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’मधला एखादा भाग जरूर घ्या. 1948 ला निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा कुरुंदकर सोळा वर्षांचे होते, म्हणजे तुमच्या मुलांच्याच वयाचे. निजामाच्या राज्यात वाढलेल्या माणसानं त्या राज्याचा हिशोब मांडलाय. आमची आजी त्या वेळच्या भारतीय लष्कराच्या कारवाईला ‘पोलीस ॲक्शन’ हाच शब्द वापरायची आणि रझाकारांचं, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचं, नाव निघालं की आवाज खाली आणायची. मुलांना आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यायला सांगा, मग वाचा.

‘शिवरात्र’ आणि ‘जागर’ मात्र एवढ्यात नको. त्यातले बरेच लेख त्या वेळच्या राजकारणाशी भिडलेले आहेत. संदर्भाशिवाय एखादं वाक्य उचललं तर मुलं त्यांना कुठल्यातरी एका गोटात बसवून मोकळी होतील. आणि नेमका हाच अन्याय या माणसावर होऊ नये. मनुस्मृतीवरची त्यांची व्याख्यानं बघा. ग्रंथ त्यांना अमान्य, पण आधी त्यात काय म्हटलंय आणि कशासाठी म्हटलंय हे ते सविस्तर समजावून देतात, मग नाकारतात.

उदगीरची शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. प्रस्तावनेतली तीन पानं काढली. काल प्रश्नाशी थांबून पुस्तक मिटलं. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हरलो तर आपलं काय होईल हे त्यांनी आधी बघितलं होतं.” नापास होण्याची गोष्ट दहावीला इंग्रजी राहिलेला एक विद्यार्थी स्वतःहून सांगणार आहे.

मास्तर, वतनाच्या प्रश्नावर तुमच्या वर्गात शेवटी काय ठरलं?

वसमतचा मास्तर

ठरलं नाही ताई. दोन गट पडले ते तसेच राहिले. तुमच्या मुलाचं उत्तर उद्या माझ्या नववीला सांगतो.