तिसरा एसएमपीएस गेला. खोट पेटीत की भिंतीत?

नमस्कार मंडळी,

चौदा महिन्यांत तिसरा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) गेला. चौथा आणलाय, पण अजून खोक्यातच ठेवलाय. जोडायचा धीर होत नाही, म्हणून आधी इथे विचारतोय.

संगणक साधाच आहे. प्रोसेसर ६५ वॉटचा, ग्राफिक्स कार्ड १२० वॉटचं, एक एसएसडी, एक म्हातारी हार्ड डिस्क, तीन पंखे. सगळ्यांनी एकदम जोर लावला तरी अडीचशे वॉटच्या वर जायचं कारण नाही. ओव्हरक्लॉकिंगचा नाद नाही.

पहिला ४५० वॉटचा, कॅबिनेटसोबतच आलेला. एका सकाळी बटण दाबलं, काहीच नाही. दुसरा ५०० वॉटचा. तो संध्याकाळी फट्‌कन वाजला आणि खोलीभर जळका वास. तिसरा ५५० वॉटचा, मुद्दाम चांगल्यातला घेतला. तो सात महिने चालला, मग काम चालू असताना मध्येच रीस्टार्ट व्हायला लागला आणि आठवड्याभरात गप्प झाला. मदरबोर्डशिवाय चालू होतो का म्हणून त्याची हिरवी तार काळीला जोडून बघितली, पंखा ढिम्म हलला नाही.

दुरुस्तीवाल्याने तिन्ही उघडून दाखवले. पहिल्या दोघांत काचेचा फ्यूज उडालेला आणि सुरुवातीचे दोन मोठे कपॅसिटर फुगलेले, दुसऱ्यात तर एक फाटलेला. तिसऱ्यात फ्यूज उडालेला आणि व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेजचा झटका झेलणारा भाग) काळा ठिक्कर. त्याचं म्हणणं, "तुमचा मदरबोर्डच एसएमपीएस खातोय, बदलून टाका."

खरंच असं होतं का? मदरबोर्डवरचे कपॅसिटर सपाट आहेत. मित्राचा एसएमपीएस लावून चार तास गेम चालवला, १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवर ११.९ व्होल्टच्या खाली काटा गेला नाही.

आणखी एक. संबंध आहे की नाही माहीत नाही, पण अनवाणी असताना कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. सवय झाली आहे.

प्रतिसाद
८५० वॉटचा घ्या, प्रश्न मिटेल.

प्रतिसाद
वरच्यांना नम्र विरोध. अडीचशे वॉटच्या यंत्राला ८५० वॉट म्हणजे ताप आला म्हणून मोठा पलंग घेण्यासारखं आहे.

धागाकर्ते, उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. फ्यूज, व्हॅरिस्टर, मोठे कपॅसिटर हे सगळं भिंतीकडच्या बाजूचं सामान. मदरबोर्ड ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे असतो. तिकडे शॉर्ट झालं तर धड एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो, व्हॅरिस्टर जाळत नाही. ११.९ तर उत्तमच, १२ ची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये असली की झालं.

आता भिंतीकडे बघा. २३० व्होल्ट म्हणतो तेव्हा लाटेचं टोक साधारण ३२५ ला असतं. स्वस्त एसएमपीएसमध्ये २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकापुढे एक लावलेले असतात, म्हणजे मर्यादा ४००. पुरवठा २९० ला चढला की टोक ४१० वर जातं, मग ते फुगणारच. तुमचा तिसरा चांगल्यातला होता, म्हणून त्याचा व्हॅरिस्टर आडवा आला. बिचारा ड्यूटीवर गेला.

झिणझिण्यांची सवय मात्र आजच मोडा. सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसला की पत्रा अधांतरी राहतो आणि मीटरवर ११० च्या आसपास दाखवतो. त्याने एसएमपीएस मरत नाही, पण उद्या आत फेजची तार पत्र्याला टेकली तर तुम्ही मराल.

दोन प्रश्न. घरात तीन फेज आहेत का? आणि एखादं मोठं यंत्र सुरू झालं की एका खोलीत दिवे मंद आणि दुसरीकडे पंखा जोरात, असं होतं का? आणि हो, ते मेलेले एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असू शकतात.

धागाकर्ता
तीन फेज आहेत. आणि तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का? पाण्याची मोटर लागली की बैठकीतला बल्ब डोळे मिटतो आणि माझ्या खोलीतला पंखा सुसाटतो. आम्ही त्यावर विनोद करायचो.

मल्टिमीटर लावला. मोटर बंद असताना माझ्या सॉकेटवर २३६. मोटर चालू केल्यावर २७१, आणि एकदा २८४. त्याच वेळी बैठकीत १९०.

प्रतिसाद
न्यूट्रल सैल आहे. तिन्ही फेजचा सामाईक न्यूट्रल सुटत आला की ज्या फेजवर लोड जास्त तिथलं व्होल्टेज पडतं आणि हलक्या फेजवर चढतं. पूर्ण सुटला तर हलक्या फेजवर ४०० च्या जवळ जाऊ शकतं. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. फ्रिज-टीव्हीचे प्लगही काढून ठेवा. न्यूट्रलला स्वतः हात लावू नका, सुटलेल्या न्यूट्रललाही करंट असतो.

धागाकर्ता
वायरमन येऊन गेला. मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता, तारेचं टोक कोळशासारखं झालेलं. कापून नवीन टोक घट्ट बसवलं. माझ्या सॉकेटची अर्थची तार तर बोर्डात जोडलेलीच नव्हती, नुसती मागे दुमडून ठेवलेली. म्हणजे इतकी वर्षं माझा स्पाइक बस्टरही अर्धाच काम करत होता.

आता मोटर चालू असताना माझ्याकडे २३३, बैठकीत २२९. झिणझिण्या गेल्या. चौथा एसएमपीएस जोडलाय, हे त्याच्यावरूनच लिहितोय. मदरबोर्ड जुनाच.

शेवटचा प्रश्न: व्होल्टेज चढलं की लाइन तोडणारा रिले मिळतो म्हणे. तो संगणकापुरता लावू की मेनवर?

प्रतिसाद
मेनवर, तिन्ही फेजना. फ्रिजनेही तेच २८४ सोसलंय, फक्त त्याला धागा काढता आला नाही.