अयनदिन कसा टिपावा?

प्रश्न: 21 डिसेंबरच्या सुमारास उत्तर गोलार्धात वर्षातला सर्वांत लहान दिवस, म्हणजे अयनदिन, असतो, हे ठाऊक आहे, परंतु हा बदल स्वतःच्या डोळ्यांनी टिपायचा असेल, तर नेमके काय पाहावे?

उत्तर 1: माध्यान्हीची सावली पाहावी. मी गच्चीवर उभ्या केलेल्या काठीच्या सावलीचे टोक दर दोन दिवसांनी खडूने नोंदवते. अयनदिनाजवळ त्या खुणा जवळजवळ एकमेकींवर येतात, आणि सूर्य थबकल्यासारखे ते दिवस मला फार मोलाचे वाटतात.

उत्तर 2: केवळ सूर्यास्तावर विसंबू नये. पृथ्वीच्या आसाचा 23.4 अंशांचा कल आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे सर्वांत लवकरचा सूर्यास्त अयनदिनाच्या आधीच होऊन जातो, तर सर्वांत उशिराचा सूर्योदय नंतर येतो.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. उद्याच काठी उभी करतो.