चंद्र फुटला, भरती मात्र वेळेवर आली: ‘किल द मून’ या भागाविषयी

माहीमकर (धागाकर्ता)

पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी जुन्या मालिकांचे भाग पाहण्याचा आमच्या घरी प्रघात आहे. गेल्या रविवारी ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेतील ‘किल द मून’ हा भाग पुन्हा पाहिला. पीटर हार्नेस यांनी लिहिलेला आणि पॉल विल्मशर्स्ट यांनी दिग्दर्शित केलेला हा भाग ४ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रथम प्रसारित झाला, तेव्हा तो मला अजिबात आवडला नव्हता. आता मत थोडे बदलले आहे, पण नाराजी गेलेली नाही. उलट ती नेमकी कशाबद्दल आहे हे यावेळी कळले, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक सांगतो. साल २०४९. मालिकेचा नायक, काळात आणि अवकाशात हिंडणारा परग्रहवासी ‘डॉक्टर’, त्याची सोबतीण आणि पेशाने शिक्षिका असलेली क्लारा आणि तिची शाळकरी विद्यार्थिनी कोर्टनी हे तिघे, शंभर अणुबॉम्ब घेऊन चंद्राकडे निघालेल्या एका जुनाट यानात अवतरतात. चंद्राचे वजन वाढले आहे, त्याचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतके झाले आहे आणि भरतीने पृथ्वीवरची शहरेच्या शहरे बुडवली आहेत. मग उलगडते की चंद्र हे अंडे असून ते उबण्याच्या बेतात आहे. आतला जीव मारायचा की जन्मू द्यायचा, हा निर्णय तुम्हा माणसांचा आहे असे सांगून डॉक्टर निघून जातो. क्लारा पृथ्वीवासीयांना विचारते: मारायचा असेल तर दिवे मालवा, जगवायचा असेल तर चालू ठेवा. दिवे मालवले जातात. तरीही क्लारा शेवटच्या क्षणी बॉम्ब थांबवते. अंडे फुटते, कवचाचा निरुपद्रवी भुगा होतो, पंख पसरून तो जीव उडतो आणि जाता जाता तेवढ्याच आकाराचे नवे अंडे घालून जातो.

पहिला अर्धा भाग उत्तम आहे. लांझारोटे बेटावरच्या ज्वालामुखीच्या काळ्या जमिनीवर केलेले चित्रण स्टुडिओतल्या कोणत्याही चंद्रापेक्षा खरे वाटते. ओस पडलेल्या तळावर जाळ्यात गुरफटलेले मृतदेह दिसतात, तेव्हा दिग्दर्शक काहीही न सांगता आपल्याला घाबरवतो. लंडविक या अंतराळवीर स्त्रीच्या भूमिकेत हर्मायनी नॉरिस यांनी थकलेला, कोरडा निर्धार फार नेमका दाखवला आहे.

माझी तक्रार त्या शेवटच्या अंड्याबद्दल आहे. पाऊण तास आपल्याला सांगितले जाते की दोन्ही बाजूंना नुकसान आहे आणि जे निवडाल त्याची किंमत मोजावी लागेल. मग किंमत मोजायची वेळ येताच लेखक वाण्यासारखा हसतो आणि उधारीची वहीच फाडून टाकतो. चंद्र गेला, चंद्र आला. एवढेच करायचे होते तर उधारी मांडलीच कशाला?

भौतिकशास्त्राची शिक्षिका

धागाकर्त्यांनी विज्ञानाच्या चुका फार उदारपणे सोडून दिल्या आहेत. माझ्या मते शेवट फसला तो त्या चुकांमुळेच.

भागात सांगितले जाते की चंद्राचे वजन १.३ अब्ज टनांनी वाढले आहे. ऐकायला आकडा मोठा आहे. चंद्राचे वस्तुमान साधारण ७.३५ गुणिले १० चा २२ वा घात इतके किलोग्रॅम आहे, म्हणजे ही वाढ सुमारे ५,६०० कोटींत एक भाग एवढी झाली. बारा डब्यांच्या लोकलच्या टपावर तांदळाची एक कणी ठेवावी आणि गाडी रूळ मोडून खाली जाईल म्हणून घाबरावे, तसे हे आहे. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश असते. आकार तोच ठेवून ते पृथ्वीइतके करायचे तर वस्तुमान सहापट व्हायला हवे. लेखकाने तेवढेच म्हटले असते, तर चंद्रामुळे येणारी भरतीही सहापट झाली असती आणि शहरे बुडण्याला आधार मिळाला असता. म्हणजे योग्य आकडा कथेच्या बाजूचाच होता. तो कोणी काढून पाहिला नाही, इतकेच.

दुसरे असे की अंडे उबताना जड होत नाही. कोंबडीचे अंडे २१ दिवसांच्या उबवणीत कवचाच्या छिद्रांतून पाणी गमावून १२-१३ टक्क्यांनी हलकेच होते. हे माझ्या सातवीच्या विद्यार्थ्यांनाही पटवता येते. आणि नुकताच जन्मलेला जीव स्वतः ज्या अंड्यातून आला तेवढेच अंडे पुढच्या क्षणी घालतो, यावर त्यांनी काय म्हटले असते ते येथे लिहीत नाही.

गिरगावकर

मला हा भाग त्या मालिकेतील उत्तम भागांपैकी एक वाटतो. वरील दोन्ही प्रतिसाद वाचूनही माझे मत बदललेले नाही.

शिक्षिकाताईंचे गणित बिनचूक आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्या मालिकेचा नायक बाहेरून टेलिफोनच्या खोक्याएवढ्या आणि आतून प्रासादाएवढ्या यानातून हिंडतो, तिच्यासमोर तराजू घेऊन बसण्यात काय हशील? आणि ज्या भाषेत विश्वालाच ब्रह्मांड, म्हणजे ब्रह्म्याचे अंडे, म्हणतात त्या भाषेच्या प्रेक्षकांनी चंद्राच्या अंड्याला हसावे, याची मला गंमत वाटते. ही कल्पना मुळात पुराणकथेची आहे. लेखकाने तिला अंतराळवीराचा पोशाख चढवला.

आता उधारीच्या वहीबद्दल. ती फाडली गेली नाही, ती दुसऱ्याच्या नावावर चढली. अंडे फुटल्यानंतरचा प्रसंग पुन्हा पाहावा. डॉक्टर खुशीत आहे, आपण क्लाराला मोठेपणा दिला असे त्याला वाटते आहे, आणि क्लारा रडत, चिडत त्याला सांगते की तू मला एकटे टाकून गेलास, ते आदराने नव्हे, तर आमच्याकडे खालच्या नजरेने पाहून. क्लारा झालेल्या जेना कोलमन यांनी या दोन-तीन मिनिटांत जे केले आहे, ते संपूर्ण हंगामात अन्यत्र नाही. डॉक्टर झालेले पीटर कपाल्डी त्या वेळी जवळजवळ काहीच बोलत नाहीत. त्यांचा चेहरा आपली चूक कोणती ते शोधत राहतो. चंद्र परत मिळाला, विश्वास मिळाला नाही. ही किंमत कमी कशी?

वरळी कोळीवाडा

मी विज्ञानाचा पदवीधर नाही, पण भरतीबद्दल आमच्या वस्तीत कोणालाही विचारा. तिथीची पाऊणपट करायची की मुंबईच्या किनाऱ्यावरची भरतीची वेळ साधारण मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. आजोबांनी शिकवलेले हे गणित मी आजही मोबाईलमधल्या तक्त्याशी ताडून पाहतो, फार चुकत नाही.

म्हणूनच ‘सगळीकडे एकाच वेळी भरती’ हे त्या भागातील वाक्य ऐकून मी टीव्ही थांबवला. एकीकडे पाणी चढते तेव्हा दुसरीकडे उतरते. ओहोटी कुठेच नसेल तर चढणारे पाणी आणायचे कुठून?

दुसरी गोष्ट कोणी पाहिली का, ते विचारतो. दिवे मालवले जातात तेव्हा चंद्रावरून पृथ्वीची काळोखी बाजू समोर दिसते. म्हणजे सूर्य पृथ्वीच्या पलीकडे, म्हणजे पौर्णिमा किंवा तिच्या जवळची तिथी. त्यानंतर थोड्याच वेळात ही मंडळी पृथ्वीवरच्या एका किनाऱ्यावर उभी राहून चंद्र फुटताना पाहतात, आणि तिथे लख्ख दिवस आहे. पौर्णिमेचा चंद्र भर दिवसा आभाळात!

गिरगावकर म्हणतात तसे पुराणकथा म्हणून सोडून देता येईल, पण आमच्या पुराणकथाही तिथी सांभाळतात. आणि एक खंत आहे. शहरे बुडाली हे एका वाक्यात उरकले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दुपारी भरती होती, आणि समुद्रच भरलेला असल्यामुळे नाल्यांतले पाणी जायला वाट नव्हती. ज्याने ते पाणी छातीपर्यंत पाहिले आहे, त्याला ‘शहरे बुडाली’ या दोन शब्दांवर पुढे जाता येत नाही. बुडालेल्या शहराचे एकच दृश्य दाखवले असते, तर दिवे मालवणाऱ्यांची बाजूही आम्हाला कळली असती.

निवृत्त वीज अभियंता

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि मला तो मतदानाच्या प्रसंगाशी जोडावासा वाटतो.

दिव्यांनी कौल घेण्याची कल्पना दिसायला सुंदर आहे, पण तिच्यात मत कोणाचे मोजले जाते? ज्यांना त्या वेळी चंद्र दिसत नाही, ते निम्मे जग बाद. ज्या गावात भारनियमन आहे, त्याचे मत आपोआप ‘मारा’ असे पडले. ज्याच्या घरी वीजच नाही, तोही मारणाऱ्यांत गेला. आणि पडद्यावर दिवे जातात ते एकेका खिडकीतले नव्हेत. प्रदेशच्या प्रदेश एकदम काळे होतात. आयुष्य नियंत्रण कक्षात घालवलेल्या माणसाला ते पाहून घराघरांतली बटणे आठवत नाहीत, उपकेंद्रातला ब्रेकर आठवतो.

आपल्याकडे याचा पडताळा आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे बंद ठेवायचे होते. काही मिनिटांत ३०,००० मेगावॉटपेक्षा जास्त मागणी कमी झाली, आणि तेवढी मागणी अचानक उतरून पुन्हा चढताना ग्रिड कोसळू नये म्हणून जलविद्युत केंद्रांची निर्मिती आधीपासून आखून भराभर कमी-जास्त करावी लागली. ती तयारी दोन दिवसांत झाली. क्लाराने जगाला पाऊण तासाचीही सवड दिली नाही. तेव्हा जो काळोख तिने पाहिला तो माणसांचा कौल होता, सरकारांचा होता की नुसता कोसळलेल्या ग्रिडचा, हे तिलाच ठाऊक नव्हते. मग तिने तो धुडकावला याबद्दल मला तक्रार नाही. मात्र ही शंका तिच्या तोंडी यायला हवी होती. ती आली असती तर तो निर्णय नुसत्या आतड्याच्या ओढीचा न राहता विचाराचा झाला असता.

माहीमकर (धागाकर्ता)

विजेवाल्या काकांचे आभार. हे मला सुचले नव्हते. गिरगावकरांचा मुद्दाही अर्धा मान्य करतो. क्लारा आणि डॉक्टरचा वाद हा या भागातला सर्वांत खरा प्रसंग आहे आणि त्याचे श्रेय मी मूळ धाग्यात दिले नाही, ही माझी चूक. पण अर्धाच. ती चिडते ते निर्णय कठीण होता म्हणून. आणि तो कठीण नव्हता हे आपल्याला नुकतेच दाखवून झालेले असते. लंडविकचा विचार करा. अब्जावधी लोकांच्या जिवापोटी एका जन्मणाऱ्या जीवाला मारायला ती तयार होती, आणि तिला त्याचे सुख नव्हते. शेवटी तिला काय मिळते? किनाऱ्यावर उभे राहून ती चुकली होती हे पाहायला मिळते, आणि क्लाराने अडवले याबद्दल तिला आभार मानावे लागतात. आकाशात नवे अंडे नसते, नुसता काळोख असता, तर ती निदान बरोबरीची प्रतिपक्षी राहिली असती.

या भागात गर्भपाताच्या वादाचे रूपक आहे असे अनेकांनी लिहिले आहे. त्यात मी शिरत नाही. पण ज्यांना ते रूपक दिसते, त्यांना याच कारणाने राग येतो: एका बाजूचे सगळे भय लेखकाने शेवटी खोटे ठरवले.

भौतिकशास्त्राची शिक्षिका

चंद्रच राहिला नसता तर ‘नुसता काळोख’ एवढ्यावर भागले नसते. सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमी असते, तेवढीच उरली असती. कोळीवाड्याचे तिथीचे गणित संपले असते आणि भरती रोज दुपारी-मध्यरात्री ठरल्या वेळेला आली असती. खरे सांगायचे तर तो भाग मी आवडीने पाहिला असता.

गिरगावकर

ताई, तो भाग मीही पाहिला असता, पण पुढच्या आठवड्याच्या भागात चंद्र लागणार होता. मालिकेला आपले आकाश सांभाळावे लागते. लंडविकबद्दल मात्र धागाकर्त्यांशी सहमत होण्याची वेळ आली आहे असे वाटून मी काल तो किनाऱ्याचा प्रसंग पुन्हा लावला. ती आभार मानते तेव्हा आवाजात आनंद नाही. ती वर पाहते, आणि इतका वेळ आवळलेला तिचा चेहरा किंचित सैल होतो. हरलेल्या माणसाचा तो चेहरा मला वाटला नाही. ज्याच्या हातून भलतेच घडणार होते आणि ते टळले, त्याचा वाटला. तुम्ही तो प्रसंग आवाज बंद करून एकदा पाहा आणि मग लिहा.

वरळी कोळीवाडा

पाहताना मागचे ऊनही पाहा.