मेफ्लोक्विन प्रवाशांच्या यादीतून काढून टाकावं का?

रातवा (धागाकर्ती)

कामानिमित्त तीन महिने मोझांबिकला राहायचं होतं. निघायच्या चार दिवस आधी प्रवाशांच्या दवाखान्यात गेले. दहा मिनिटांत सगळं आटोपलं: लस, मच्छरदाणीत झोपा हा सल्ला आणि मलेरिया होऊ नये म्हणून मेफ्लोक्विनच्या गोळ्या. (लॅरियम हे तिचं जुनं, गाजलेलं नाव.) "आठवड्याला एकच घ्यायची, लक्षात ठेवायला सोपी." पूर्वी कधी नैराश्य, घबराटीचे झटके, फिट असं काही झालंय का, हे कुणी विचारलं नाही. मला झालं होतं. दहा वर्षांपूर्वी वर्षभर नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. पण त्याचा मलेरियाच्या गोळीशी संबंध असेल हे मला कुठून सुचणार?

दुसऱ्या गोळीनंतर स्वप्नं सुरू झाली. नुसती भीतीदायक असती तर चाललं असतं. ही इतकी ठसठशीत होती की जाग आल्यावर मच्छरदाणीत बसून, यातलं खरं काय घडलंय, हे मोजून काढावं लागे. चौथ्या आठवड्यात माझी खात्री झाली की ऑफिसातल्या दोघी माझ्याबद्दल अहवाल लिहून वर पाठवतायत. अगदी शांत, पक्की खात्री. त्यातल्या एकीला मी जाब विचारायला गेले होते, आजही आठवलं की अंगावर काटा येतो. आणि तोल. अंघोळ करताना तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंत धरावी लागायची.

पाचव्या गोळीनंतर बंद केली, दुसरं औषध घेतलं. संशय पंधरा दिवसांत ओसरला, झोप रुळायला दोन महिने लागले. भिंत मात्र अजून अधूनमधून धरते.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) 2013 साली या औषधावर आपला सगळ्यात कडक इशारा, काळ्या चौकटीतला, छापायला लावला: मानसिक त्रास होऊ शकतात, चक्कर, तोल जाणं, कानात आवाज येणं हे त्रास औषध थांबवल्यावरही राहू शकतात, कधी कायमचे. दुसरी औषधं उपलब्ध असताना चार दिवसांच्या सफारीला निघालेल्या माणसाच्या हातात ही गोळी द्यायचीच कशाला? माझं मत: प्रवाशांना द्यायच्या औषधांच्या यादीतून काढा.

जहाजी

तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटलं, पण निष्कर्षाशी साफ असहमत.

पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांवर मी दोन वर्षं हीच गोळी घेतली. दर रविवारी, जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर. काही झालं नाही. आमच्यातल्या एकाने मात्र इंटरनेटवर असलेच अनुभव वाचून गोळ्या समुद्रात टाकल्या. घरी परतल्यावर नवव्या दिवशी ताप आला. पहिल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून पाठवलं, कुठून आलात हे विचारलंच नाही. तापाच्या चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा हात पलंगाला बांधलेले होते, कारण तो सलाईन उपटत होता. सख्ख्या भावाला म्हणाला, "तुम्ही कोण?" मेंदूचा मलेरिया. किडन्या बसल्या, डायलिसिस झालं. वाचला, हे नशीब.

मनावर परिणाम म्हणाल तर फाल्सिपेरमइतका (मलेरियाचा सगळ्यात घातक जंतू) परिणाम करणारं औषध अजून निघायचंय. 2023 मध्ये मलेरियाने जगात सुमारे 6 लाख माणसं गेली. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. तिथल्या मोठ्या माणसांच्या अंगात वर्षानुवर्षं आजार सोसून थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. बाहेरून जाणाऱ्याकडे तेवढीही नसते. तुमचा धागा वाचून चार जणांनी गोळ्या फेकल्या तर जबाबदारी कोणाची?

अळीमिळी

+१ जहाजी. आणि खरं सांगू का, माहितीपत्रक वाचलं की निम्मे त्रास तिथल्या तिथे सुरू होतात. त्यात परका देश, उकाडा, तुटलेली झोप, संध्याकाळची बिअर. स्वप्नं पडणारच. खापर गोळीवर.

रातवा

@जहाजी: तुमच्या मित्राने *कुठलीच* गोळी घेतली नव्हती. यावरून "गोळी घ्या" इतकंच सिद्ध होतं. "हीच गोळी घ्या" हे कुठून आलं?

@अळीमिळी: मी माहितीपत्रक वाचलं ते पाचव्या गोळीनंतर. आणि बिअर पीत नाही.

गुळवेल

संसर्गजन्य आजारांच्या विभागात काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

"वाचून होतं" हा मुद्दा तपासून झालेला आहे. 2001 साली सुमारे हजार प्रवाशांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मेफ्लोक्विन, निम्म्यांना अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल (मॅलरोन या नावाने ओळखतात ती). कोण काय घेतंय हे ना प्रवाशांना माहीत ना डॉक्टरांना, कारण प्रत्येकाला दुसऱ्या औषधाच्या खोट्या गोळ्याही दिल्या होत्या. झोप, स्वप्नं, चक्कर, चिंता अशा तक्रारी मेफ्लोक्विनवर 29 टक्के लोकांना, दुसरीवर 14 टक्के. त्रासामुळे गोळी सोडावी लागली ते 5 टक्के विरुद्ध 1.2 टक्के. म्हणजे अळीमिळी यांचं निम्मं बरोबर: 14 टक्क्यांमध्ये प्रवासाचा, उकाड्याचा, काळजीचा वाटा असणारच. वरचे 15 मात्र गोळीच्या खात्यावर.

आता दुसरी बाजू. यातले बहुतेक त्रास स्वप्नं आणि निद्रानाश या पातळीवरचे. भ्रमिष्टपणा किंवा फिट येणं असे गंभीर प्रकार प्रतिबंधक डोसवर साधारण दहा हजारांत एक, असा आकडा वर्षानुवर्षं दिला जातो. रातवा यांच्यासारखे मधले त्रास, म्हणजे रुग्णालयात जायची वेळ नाही पण माणूस कामातून जातो, ते त्या आकड्यात येतच नाहीत. खरी अडचण तिथे आहे.

आणखी एक, रातवा यांच्या बाबतीत झालेली गोष्ट सल्ल्यातली नाही, चुकीची आहे. नैराश्य (चालू किंवा नुकतंच होऊन गेलेलं), चिंताविकार, सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं), फिट यांपैकी काही असेल तर ही गोळी प्रतिबंधासाठी द्यायची नाही, असं लिहिलेलं आहे. दहा वर्षांपूर्वीचं नैराश्य "नुकतंच" यात बसत नाही असं कुणी म्हणेल, पण मी तरी दिली नसती. विचारल्याशिवाय कळणार कसं?

सरळसोट

हे औषध जन्माला आलं तेच अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेत, हे इथे कुणी सांगितलेलं दिसत नाही. व्हिएतनाममध्ये क्लोरोक्विन या जुन्या औषधाला दाद न देणारा मलेरिया सैनिकांना छळत होता, त्यावरचा तोडगा म्हणून. मग त्याच सैन्यांनी काय केलं ते बघा. अमेरिकन लष्कराने 2009 मध्ये ते पहिल्या पसंतीवरून खाली आणलं. ब्रिटनच्या संसदेच्या संरक्षण समितीने 2016 च्या अहवालात म्हटलं की लॅरियम सैनिकांना अगदी शेवटचा पर्याय म्हणून द्यावं, तेही समोरासमोर बसून प्रत्येकाची चौकशी केल्यावर. ज्यांच्यासाठी बनवलं त्यांनीच हात आखडता घेतला, आणि आपण पर्यटकांना वाटतोय.

सोमालियात 1993 मध्ये कॅनडाच्या सैनिकांनी एका कोवळ्या पोराला छळून मारलं, त्या तुकडीलाही हेच औषध दिलेलं होतं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर सैनिकांनी बायकांचे खून केले तेव्हाही हेच नाव आलं.

जहाजी

@सरळसोट: वाटच बघत होतो, फोर्ट ब्रॅग कधी येतंय याची. लष्कराच्याच चौकशीत निघालं की त्या खुनांमागे हे औषध असण्याची शक्यता कमी, त्यातल्या काहींनी तर ते घेतलेलंच नव्हतं. सोमालियाचं तर काहीच सिद्ध झालं नाही. "नाव आलं" म्हणजे पुरावा नव्हे. आणि माणसाच्या क्रौर्याचं बिल गोळीच्या नावावर फाडलं की मारणारे सुटतात, हेही लक्षात घ्या.

"दुसरी औषधं आहेत ना" हे म्हणणं सोपं आहे. डॉक्सीसायक्लिन मी घेतलंय. रोज एक, परतल्यावरही चार आठवडे. एकदा झोपताना दोन घोट पाण्याबरोबर गिळली आणि आडवा झालो. गोळी अन्ननलिकेत अडकली, आठवडाभर थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी. डेकवर उन्हात काम केलं तर कातडी सोलून निघते. मॅलरोन चांगली, पण तीही रोजची. आठ महिन्यांच्या मुक्कामात रोज न चुकता गोळी घेणारा खलाशी मला दाखवा. रविवारची गोळी सोमवारी आठवली तरी निभावतं. चार दिवस सलग विसरलेली रोजची गोळी निभावत नाही.

रातवा

तुमचा हा मुद्दा मान्य. पण तो आठ महिन्यांच्या खलाशाचा आहे. दोन आठवड्यांच्या प्रवाशाला मॅलरोन निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर सात दिवसांपर्यंत, की संपलं. मेफ्लोक्विन परतल्यावरही चार आठवडे. त्याच्यासाठी सोपी कुठली?

आणि "निभावतं" म्हणता तो गुण तसा दोषही आहे. हे औषध शरीरात निम्मं व्हायलाच दोन-तीन आठवडे घेतं. म्हणून आठवड्याला एक पुरते, आणि म्हणूनच त्रास झाला तर "चला, उद्यापासून बंद" म्हणून सुटका होत नाही. मी शेवटची गोळी घेतल्यावर पंधरा दिवस त्या दोघींवर पाळत ठेवून होते.

डोळेझाक

धागा वाचतोय आणि घाम फुटलाय. बायको पाचव्या महिन्यात आहे, तिला युगांडाला जावंच लागेल अशी परिस्थिती आहे. कुठली गोळी?

गुळवेल

आधी: जाणं टाळता येत असेल तर टाळा. गरोदरपणात मलेरिया आईला आणि बाळाला दोघांनाही फार जड जातो. टळत नसेल तर डॉक्सीसायक्लिन बाद, प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन बाद, मॅलरोनबद्दल गरोदरपणातली माहिती अपुरी म्हणून सहसा देत नाहीत. क्लोरोक्विन गरोदरपणात चालतं, पण युगांडातल्या मलेरियावर उपयोग नाही. राहिलं काय? मेफ्लोक्विन. पूर्वी मनाचा आजार किंवा फिट नसेल तर गरोदर बाईला देता येणारी ती एक आहे.

रातवा, म्हणून "यादीतून काढा" याला माझा विरोध. काढलीत तर या बाईला काय देणार?

रातवा

हे माहीत नव्हतं. "काढा" मागे घेते. पण पहिली गोळी म्हणून हातात ठेवू नका, यावर ठाम आहे.

गुळवेल, एक विचारते. ही गोळी दोन-तीन आठवडे आधी सुरू करायची असते असं मी नंतर वाचलं. मला तर चार दिवस आधी मिळाली.

गुळवेल

हो, आणि ते फक्त रक्तात औषध साठावं म्हणून नाही. त्रास होणाऱ्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश लोकांना तो तिसऱ्या गोळीपर्यंत जाणवतो. म्हणजे तीन आठवडे आधी सुरू केली की घरी, आपल्या माणसांत असतानाच कळतं, आणि औषध बदलायला वेळ राहतो. चार दिवस आधी दिली म्हणजे तुमची चाचणी मोझांबिकमध्ये झाली, एकटीवर.

जहाजी

हे मात्र चूकच केलं त्यांनी. आम्हाला कंपनीच्या डॉक्टरांनी महिनाभर आधी सुरू करायला लावली होती, आणि पहिल्याच आठवड्यात एकाची बदललीही होती. त्याची चेष्टा करण्यात मीच पुढे होतो.

तरी शीर्षक बदला. लोक शीर्षक वाचतात आणि गोळ्या फेकतात.

रातवा

नाही बदलत. प्रश्नचिन्ह आहे ना शेवटी.

नवखा_पांथस्थ

मध्येच घुसतोय, माफ करा. मी सध्या मलावीत आहे. दोन गोळ्या झाल्या, उद्या तिसरी. परवापासून छातीत उगाच धडधड, विनाकारण रडू येतंय. ताप नाही. उद्याची घेऊ का?

गुळवेल

उद्याची घेऊ नका. पण काहीच न घेता राहू नका. जिथून गोळी घेतलीत त्यांना आजच फोन करा, लक्षणं याच शब्दांत सांगा आणि मॅलरोन किंवा डॉक्सीसायक्लिनवर बदलून मागा. आधीची अंगात असेपर्यंत बदल करायला थोडा अवकाश आहे, पण थोडाच. ताप आला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी रक्त तपासा, गोळी चालू असली तरी.

जहाजी

गुळवेल म्हणतायत तसंच करा. आणि एकटे असाल तर कुणाला तरी सांगून ठेवा की असं होतंय.

रातवा

तोल जातोय का? अंघोळ करताना, डोळे मिटल्यावर?

नवखा_पांथस्थ

तोल ठीक आहे. स्वप्नांचं मात्र तुम्ही लिहिलंय तसंच. फोन लागला, उद्या सकाळी नऊला बोलावलंय. शेजारच्या खोलीतल्याला सांगितलं, तो म्हणाला त्यालाही स्वप्नं पडतायत, त्याला वाटलं उकाड्यामुळे.