वॉलेटमधून परस्पर पैसे गेले, कंपनी हात वर करतेय. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल की ग्राहक आयोग?

रात्री 2:40 ते 2:52 या बारा मिनिटांत माझ्या वॉलेटमधून तीन व्यवहार झाले. रक्कम पाच आकडी आहे. ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही, लिंक उघडलेली नाही, सिम सुरूच होतं. सकाळी उठल्यावर मेसेज दिसले, त्यात सगळ्यात आधीचा ‘नवीन डिव्हाइसवरून लॉगिन’ असा, तोही ओटीपीशिवाय.

त्याच दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली (पोचपावती आहे, एफआयआर अजून नाही), कंपनीला ईमेल केला, पासवर्ड बदलून लिंक केलेलं कार्ड बंद केलं. स्क्रीनशॉट आणि स्टेटमेंट जपून ठेवलंय.

कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं: व्यवहार ओटीपीने प्रमाणित झाला, सबब जबाबदारी तुमची. लॉगिनचा आयपी आणि डिव्हाइसचा तपशील मागितला, त्यावर गप्प.

रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीत तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, आणि ग्राहकाची चूक सिद्ध करणं कंपनीचं काम. हे मी ईमेलमध्ये लिहिलं होतं, बहुधा कुणी वाचलंच नाही.

‘पोलिसांकडे जा’ हे कृपया नको, जाऊन आलोय. वकील परवडेल, पण शेवटचा उपाय म्हणून.

लोकपालाकडे आधी गेलो आणि निकाल विरोधात लागला, तर नंतर ग्राहक आयोगात किंवा आयटी कायद्याच्या कलम 46 खाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे जाता येतं का? आणि एफआयआर नसल्यामुळे यातलं कुठे अडतं का?