सव्वीस वादकांचा 'ला त्राव्हियाता' : कौतुक करावं की खरं बोलावं?

पडद्यामागे

गेल्या आठवड्यात एका फिरत्या प्रादेशिक ऑपेरा कंपनीचा 'ला त्राव्हियाता' पाहिला (व्हेर्दीचा ऑपेरा : व्हायोलेट्टा आणि अल्फ्रेदोचं प्रेम, अल्फ्रेदोच्या बापाचा विरोध, शेवटी तिचं क्षयानं मरण). नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलंय ते सगळंच गोड नाही. पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, मोजून सव्वीस वादक. कोरसमध्ये वीसेक माणसं, त्यातली बरीचशी दिवसा दुसरी नोकरी करणारी. नेपथ्य म्हणजे एक पलंग, एक झुंबर आणि तीन खुर्च्या. पहिल्या अंकातली मेजवानी त्याच पलंगाभोवती, शेवटच्या अंकातलं मरणही तिथेच.

महिनाभरापूर्वी हाच ऑपेरा सिनेमागृहात पाहिला होता, एका जगप्रसिद्ध थिएटरमधलं थेट प्रक्षेपण. एक स्वर इकडचा तिकडे नाही. आणि मी शांतपणे पॉपकॉर्न संपवलं.

इथे मात्र तिसऱ्या अंकात व्हायोलेट्टा पत्र वाचायला लागली आणि मी गार झालो. त्या जागी गाणं थांबतं. ती साध्या बोलण्याच्या आवाजात वाचते आणि मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली अल्फ्रेदोची सुरावट हळूच येते. तोवर जो आवाज अख्खं सभागृह भरून टाकत होता, तो एकदम एका खोलीपुरता झाला. सिनेमागृहात हा फरक मला जाणवलाच नव्हता. माइक कुजबुज आणि किंकाळी दोन्ही एकाच पातळीला आणून ठेवतो.

माझं म्हणणं असं, की बिनमाइकचा कच्चा प्रयोग हा पडद्यावरच्या निर्दोष प्रयोगापेक्षा ऑपेराच्या जास्त जवळचा असतो. पटत नसेल तर भांडा.

शुद्धनिषाद

भांडतो. पलंग, झुंबर आणि तीन खुर्च्या म्हणालात म्हणजे बहुतेक तोच प्रयोग, त्याच रात्री मीही पाहिला.

तिसऱ्या अंकाचा प्रील्यूड (अंकाच्या सुरुवातीचं वाद्यसंगीत) तुम्ही सोयीस्करपणे गाळलात. तो व्हायोलिनांवरच उघडतो, अगदी हलक्या आवाजात, वरच्या सप्तकात. बारा-चौदा जण एकत्र वाजवतात तेव्हा एखादा कणसूर झाला तरी विरघळून जातो. इथे पहिल्या गटातली व्हायोलिनं होती चार, आणि चौघांचे चार षड्ज. पुढे पत्राचा प्रसंग चांगला झाला, मान्य, पण त्याआधीच माझे दात आंबले होते.

पहिल्या अंकात 'सेम्प्रे लिबेरा' या व्हायोलेट्टाच्या गाण्याच्या शेवटी सोप्रानोने (व्हायोलेट्टा गाणाऱ्या उंच पट्टीच्या गायिकेने) वरचा ई-फ्लॅट हा अगदी उंच स्वर घेतलाच नाही. सरळ खालचा रस्ता धरला. तरी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते! 'लाइव्ह आहे हो, जीव ओतला' ही ढाल पुढे केली की मग काहीही खपतं. तिकीट मी गाण्याचं काढलं होतं, जीव ओतल्याचं नाही.

मेझ्झो

मी बारा वर्षं अशाच एका (दुसऱ्या) कंपनीच्या कोरसमध्ये गाते, तेव्हा मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकते.

तो ई-फ्लॅट व्हेर्दीनं लिहिलेलाच नाही. गायिकांनी तो मागाहून चिकटवला आणि रेकॉर्डिंगांमुळे लोकांना वाटायला लागलं की तो मूळचाच आहे. जिला तो सहज लागतो तिनं जरूर घ्यावा. जिला नाही, तिनं पुढचे दोन अंक शाबूत ठेवण्यासाठी तो सोडला तर मी तिला शहाणी म्हणेन. लिहिलेले वरचे सी (ई-फ्लॅटच्या जरा खालचे स्वर) तिनं घेतले का? ते बोला.

कमी वादकांचा एक फायदाही ऐका. वाद्यवृंदाच्या आवाजाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेला असतो. तयार गळा आपली ऊर्जा ३००० हर्ट्झच्या आसपास गोळा करतो, म्हणून तर माइकशिवाय तो पिटावरून पलीकडे जातो. पण हे साधायला वर्षं लागतात. पंचविशीतल्या गळ्यासमोर सत्तर वादक बसवले तर तो ओरडायला लागतो. सव्वीस असले तर तो हळू गाऊ शकतो. तुम्हाला ती 'खोलीपुरती' वाटली त्यात याचाही वाटा आहे.

आळशी रसिक

मलाही एक तक्रार नोंदवायचीय. हाच खेळ मी त्यांच्या आधीच्या मुक्कामी पाहिला. अल्फ्रेदोच्या हातात मोबाइल, व्हायोलेट्टाच्या दंडाला सलाईन. १८५३ सालच्या ऑपेरात! खर्च वाचवायला घरचे कपडे घालून आले आणि त्याला 'समकालीन अन्वयार्थ' म्हणायचं. वर त्या दिवशी दुसऱ्या अंकात रंगमंचाच्या वरची भाषांतराची पट्टी दहा मिनिटं बंद. अल्फ्रेदोचा बाप व्हायोलेट्टाला काय समजावतोय कळेना, मला सरळ झोप लागली.

तिसरी घंटा

मोबाइलवर एवढे चिडू नका. व्हेर्दीला हे नाटक त्याच्या स्वतःच्या काळातल्या कपड्यांतच करायचं होतं. समोरच्या प्रेक्षकांना आपलीच माणसं दिसावीत म्हणून. वेनिसच्या अधिकाऱ्यांनी ते मागे, १७०० च्या आसपास ढकलायला लावलं. त्यामुळे झालरींचे झगे म्हणजे मूळ रूप आणि मोबाइल म्हणजे थेर, हे गणित उलटं आहे. (सलाईन मात्र मलाही जरा जास्तच वाटली असती.)

आणि वेनिसच्या फेनिचे थिएटरमधला 'ला त्राव्हियाता'चा पहिलावहिला प्रयोग सपशेल पडला होता. सोप्रानोला पहिल्या अंकात टाळ्या मिळाल्या, पण टेनर (अल्फ्रेदो) आणि बॅरिटोन (त्याचा बाप) ढेपाळले. शेवटी अंगानं चांगल्या भरलेल्या बाईंना क्षयानं मरताना पाहून लोक हसले. पुढच्याच वर्षी त्याच शहरात दुसऱ्या थिएटरात, थोड्या दुरुस्त्या करून, वेगळ्या गायकांनी केला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. व्हेर्दीलाही एका रात्रीवरून निकाल लावू द्यायचा नव्हता.

शुद्धनिषाद

इतिहास छान, पण १८५३ चा प्रयोग पडला म्हणून आजचा पडलेला प्रत्येक प्रयोग थोर ठरत नाही.

मेझ्झो, वरचे सी घेतले. स्वच्छ घेतले. आणि ई-फ्लॅटचा मुद्दा मी मागे घेतो, लिहिलेला नसेल तर माझी तक्रार चुकली. प्रील्यूडचा घेत नाही.

कमी वादकांनाही माझा विरोध नाही. बर्मिंगहॅमच्या फिरत्या कंपनीनं १९९० मध्ये वाग्नरची 'रिंग' ही ऑपेरामालिका १८ वादकांत बसवली होती. मूळ चार रात्रींचा पसारा दोन रात्रींत. पण त्यासाठी संगीतकार जोनाथन डव्हनं संगीताची नव्यानं मांडणी केली, कोणत्या वाद्यानं कोणाचं काम उचलायचं हे नव्यानं ठरवलं. परवा काय केलं होतं? मूळची संहिता तशीच ठेवून माणसं वजा केली. चार जणांच्या जिवावर चौदा जणांचा प्रील्यूड वाजवला. याला गरिबी म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

पडद्यामागे

हा मुद्दा मला लागला. प्रील्यूड खरंच कच्चा होता आणि मी तो 'वातावरण' म्हणून माफ करून टाकला होता.

पट्टीबद्दल थोडं अवांतर. हे वरचं भाषांतर १९८३ मध्ये टोरंटोतल्या 'एलेक्ट्रा' या ऑपेराच्या प्रयोगापासून सुरू झालं, म्हणजे ऑपेराच्या वयाच्या मानानं कालपरवा. आमच्याही प्रयोगात ती मिनिटभर बंद पडली. मला तर तेवढ्यात सभागृह जागं झाल्यासारखं वाटलं, माना वर-खाली व्हायच्या थांबल्या. पण मला गोष्ट पाठ आहे. आळशी रसिक यांना झोप लागली ती मी खोटी कशी म्हणू?

मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. प्रक्षेपणात कॅमेरा सांगतो कुठे बघायचं. दुसऱ्या अंकात बाप बोलत असताना व्हायोलेट्टाचे हात काय करत होते ते मी स्वतः शोधून पाहिलं.

मेझ्झो

एक साधा प्रश्न. दोघं कुठे बसला होतात?

पडद्यामागे

तिसरी रांग, मधोमध.

शुद्धनिषाद

खालीच, शेवटून दुसरी रांग.

मेझ्झो

म्हणजे बाल्कनीच्या छताखाली. तिथे छतावरून परतून येणारा आवाज पोहोचत नाही, गळे बारीक आणि कोरडे लागतात. तिसऱ्या रांगेत गायक जवळ, पण पिटही उरावर. आमच्यातले जुने लोक पाहुण्यांना सगळ्यात वरच्या सज्जात बसवतात. दिसतं कमी, ऐकू उत्तम येतं, आणि तिकीटही सगळ्यात स्वस्त.

शुद्धनिषाद

गळ्यांचं मानतो. पण चार षड्ज बाल्कनीच्या छतानं तयार केलेले नाहीत.

आळशी रसिक

+१. आणि झोपही.

तिसरी घंटा

झोपेचं खापर पट्टीवर फोडलंत ना? बॅरिटोनची ती दुसऱ्या अंकातली लांबलचक आरिया (एकल गाणं) पट्टी चालू असतानाही भल्याभल्यांना झोपवते.

पडद्यामागे

शनिवारी परत गेलो होतो, दौऱ्यातला शेवटचा प्रयोग. या वेळी अगदी वरचा सज्जा.

प्रील्यूड : कणसूरच. वरून जास्तच स्पष्ट ऐकू आला. शुद्धनिषाद, तुमचं बरोबर.

पत्र : अक्षर न् अक्षर वरपर्यंत आलं, आणि तिनं आवाज चढवलेला नव्हता.

सोप्रानो मात्र त्या दिवशी दुसरी होती. हिनं ई-फ्लॅट घेतला. लागला नाही.

शुद्धनिषाद

आणि टाळ्या?

पडद्यामागे

उभं राहून.