आयव्हीएफसोबत ॲक्युपंक्चर आणि चिनी काढे: घ्यावेत की नाहीत?

सायली_मेलबर्न

सर्वांना नमस्कार. माझे वय ३७ असून आम्ही उभयता गेली आठ वर्षे मेलबर्नमध्ये राहतो. आयव्हीएफचे (म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात ठेवण्याच्या उपचाराचे) आमचे पहिले चक्र मार्चमध्ये अयशस्वी झाले. दोन भ्रूण गोठवून ठेवलेले आहेत आणि त्यांपैकी एकाचे रोपण ऑगस्टमध्ये करायचे ठरले आहे. मधल्या काळात एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर मी येथील एका चिनी वैद्यांकडे गेले. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावून तिच्या कडांवरचे दातांचे ठसे न्याहाळले आणि मग सांगितले की माझी 'किडनी' दुर्बल असून यकृतातील 'ची' (त्यांच्या मते शरीरात वाहणारी प्राणशक्ती) अडकून पडली आहे. माझ्या मूत्रपिंडांचे सगळे अहवाल उत्तम असताना हे ऐकून मी घाबरलेच.

बारा आठवडे दर आठवड्याला ॲक्युपंक्चरच्या सुया आणि रोज दोन वेळा काढा असा उपचार त्यांनी सुचवला आहे. शिवाय शरीर 'तयार' होईपर्यंत रोपण तीन महिने पुढे ढकलावे, असेही त्यांचे म्हणणे आहे. आयव्हीएफच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा "हवे तर करा" एवढेच उत्तर मिळाले. सुयांचा खरोखर उपयोग होतो का, काढा घेणे सुरक्षित आहे का आणि रोपण पुढे ढकलावे का, हे तीन प्रश्न मला पडले आहेत. कोणी अनुभवातून किंवा अभ्यासातून सांगू शकेल का?

निशिगंध

सायली, मी ऑकलंडमध्ये असताना या वाटेने गेले आहे, म्हणून फक्त अनुभव सांगते. सुई दुखत नाही. ती जवळजवळ केसाइतकी बारीक असते आणि प्लास्टिकच्या छोट्या नळीतून टिचकी मारून बसवतात. घोट्याच्या आतल्या हाडापासून चार बोटे वर जी जागा आहे, तेथे सुई फिरवली की पोटरीत एक जड, सुस्त कळ पसरते. ती यावी अशीच त्यांची अपेक्षा असते. नंतर बेंबीखाली मोक्साची, म्हणजे एका वाळवलेल्या वनस्पतीची, पेटती कांडी धरून शेक दिला. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली आहे, हे मला पुढे कळले. परंतु त्या धुरात जोतिबाच्या दवण्याचा सुगंध शोधायला जाऊ नकोस, कपड्यांना दोन दिवस जळका वास येत राहतो.

त्या अर्ध्या तासात मला गाढ झोप लागत असे आणि त्या महिन्यांत दुसरीकडे कुठेही मला तशी झोप लागली नाही. ते चक्र मात्र अयशस्वी ठरले. पुढच्या चक्रात पैसे संपल्यामुळे सुया घेतल्या नाहीत आणि त्याच वेळी माझ्या मुलीचा गर्भ राहिला. यावरून मी काहीही सिद्ध करू पाहत नाही. पहिल्याच खेपेस यश आले असते, तर त्याचे श्रेय मी नक्कीच सुयांना दिले असते, एवढे मात्र प्रामाणिकपणे सांगते.

कृष्णाकाठ

मी सांगलीत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. सायलीताई, सर्वप्रथम 'किडनी'ची भीती मनातून काढून टाका. चिनी परंपरेत या शब्दाने मूत्रपिंड हा अवयव अभिप्रेत नसतो. जन्मतः मिळालेले सत्त्व, वाढ आणि प्रजननशक्ती जेथे साठते असे मानले जाते, त्या कार्यसमूहाला ते नाव आहे. आपल्याकडे वैद्याने 'वात वाढला' म्हटले, म्हणून कोणी पोटाची सोनोग्राफी करत नाही, तसेच हे आहे. गोंधळ भाषांतराने केला आहे.

आता सुया. या सगळ्या उत्साहाचा उगम २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका अभ्यासात आहे. त्यात १६० स्त्रिया होत्या. भ्रूणरोपणाच्या आधी आणि नंतर २५-२५ मिनिटे सुया घेतलेल्यांपैकी ४२.५ टक्के स्त्रियांना गर्भधारणा झाली, तर न घेतलेल्यांपैकी २६.३ टक्के. आकडे डोळे दिपवणारे होते, परंतु दुसऱ्या गटाला काहीच उपचार दिले नव्हते, त्यामुळे सुईचा परिणाम कोणता आणि कोणीतरी आपुलकीने हात लावल्याचा परिणाम कोणता, हे वेगळे करणे शक्य नव्हते.

हे वेगळे करण्यासाठी लुटुपुटीची सुई वापरतात. नाटकातल्या खंजिराचे पाते जसे मुठीत सरकते, तशी या सुईची बोथट कांडी आत सरकते. त्वचेला टोचल्यासारखे वाटते, पण सुई आत जात नाही. हाँगकाँगमध्ये २००९ साली ३७० स्त्रियांवर असा प्रयोग झाला आणि निकालाने सर्वांनाच बुचकळ्यात टाकले: खऱ्या सुयांच्या गटात गर्भधारणेचे प्रमाण ४३.८ टक्के होते आणि लुटुपुटीच्या सुयांच्या गटात ५५.१ टक्के!

तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास मात्र तुमच्याच देशातला आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील १६ आयव्हीएफ केंद्रांत ८४८ स्त्रियांवर झालेल्या या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ गर्भधारणा न मोजता बाळ जन्माला आले की नाही, हे मोजले होते. खऱ्या सुयांच्या गटात हे प्रमाण १८.३ टक्के आणि लटक्या सुयांच्या गटात १७.८ टक्के होते, म्हणजे फरक नाहीच. ती चाचणी ताज्या भ्रूणांच्या चक्रांतील होती आणि तुमचे भ्रूण गोठवलेले आहेत, ही मर्यादा मी मान्य करते. तरीही सुयांमुळे बाळ होण्याची शक्यता वाढते, असे मी माझ्या कोणत्याही रुग्णाला सांगणार नाही.

काढ्याचा प्रश्न पूर्णपणे निराळा आहे आणि तेथे मी अधिक कठोर आहे. सुई काढली की संपते, काढा रक्तात जातो. स्त्रियांसाठीच्या चिनी काढ्यांत हमखास असणारे डाँग ग्वेई हे मूळ रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनचा परिणाम वाढवू शकते. आयव्हीएफमध्ये काही स्त्रियांना हेपारिन किंवा ॲस्पिरिन ही रक्त गोठू न देणारी औषधे चालू असतात, हे ध्यानात घ्या. दुसरी गोष्ट चुकीच्या मुळीची. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या गोळ्यांत नामसाधर्म्यामुळे एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया जातीची मुळी मिसळली गेली आणि शंभराहून अधिक जणांच्या, बहुतेक स्त्रियांच्याच, मूत्रपिंडांना इजा झाली. कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. तुमच्या वैद्यांकडे असे होईल, असे मी म्हणत नाही. परंतु पुडीतील प्रत्येक घटकाचे शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि ते आयव्हीएफच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक घोटही घेऊ नका.

ठाण्याचा_सुईवाला

मी २० वर्षे ॲक्युपंक्चर करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे हे माझे कर्तव्य समजतो. लुटुपुटीची सुई निष्क्रिय असते, हे गृहीतकच मला मान्य नाही. त्वचेवरचा दाबही मज्जातंतूंना जागे करतो. शिवाय ऑस्ट्रेलियातील चाचणीत संपूर्ण चक्रात जेमतेम तीन बैठका दिल्या होत्या. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रीला मी दोन-तीन महिने आधीपासून बोलावतो. प्रतिजैविकाच्या तीनच गोळ्या देऊन औषध निरुपयोगी ठरवल्यासारखे हे झाले. स्वीडनमध्ये १९९६ साली दहा स्त्रियांवर विद्युत-ॲक्युपंक्चर (सुयांतून सौम्य वीजप्रवाह सोडण्याचा उपचार) केल्यानंतर गर्भाशयाच्या धमन्यांतील रक्तप्रवाहाचा अडथळा कमी झाल्याचे नोंदले गेले आहे, तेही विसरू नये.

मात्र डॉक्टर काढ्याबद्दल जे म्हणतात, त्याच्याशी मी सहमत आहे आणि रोपण पुढे ढकलायला सांगणे हे माझ्या मते आमच्या मर्यादेबाहेरचे आहे. सायलीताई, ऑस्ट्रेलियात २०१२ पासून चिनी वैद्यकाच्या व्यावसायिकांची राष्ट्रीय नोंदणी सक्तीची आहे. तुमच्या वैद्यांचे नाव त्या यादीत आहे का, ते आधी पाहा. ही यादी सर्वांना खुली आहे.

कृष्णाकाठ

ठाणेकर, आपला तीन बैठकांचा आक्षेप रास्त आहे, म्हणूनच चीनमधील चाचणीचा उल्लेख करते. पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनामुळे बीज नियमित न सुटण्याचा विकार) असलेल्या १००० स्त्रियांना तेथे आठवड्यातून दोनदा, चार महिन्यांत जास्तीत जास्त ३२ बैठका दिल्या गेल्या आणि उपचार करणारेही चिनीच होते. तीन गोळ्यांची उपमा येथे लागू पडत नाही. २०१७ मध्ये आलेल्या निकालानुसार क्लोमिफिन ही बीज सुटण्यासाठीची गोळी घेणाऱ्यांमध्ये खऱ्या सुयांसह २९.४ टक्के आणि नकली सुयांसह २८ टक्के स्त्रियांना बाळ झाले. क्लोमिफिन न घेणाऱ्यांमध्ये हेच आकडे १३.९ आणि १६.८ होते. फरक पडला तो गोळीने. स्वीडनच्या त्या दहा स्त्रियांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. आणि लटकी सुईदेखील खऱ्याइतकीच गुणकारी असेल, तर मग यकृताच्या आणि किडनीच्या नेमक्या बिंदूंचे काय करायचे, हा प्रश्न आपल्यालाच सोडवावा लागेल.

सायलीताई, तुमचा तिसरा प्रश्न राहिला. गोठवलेल्या भ्रूणाचे वय वाढत नाही, त्यामुळे केवळ या रोपणापुरते पाहिले तर तीन महिन्यांनी बिघडणार नाही. परंतु दोन्ही भ्रूण रुजले नाहीत, तर बीजे पुन्हा काढावी लागतील आणि ३७ नंतर त्या बीजांच्या बाबतीत एकेक महिना मोजावा लागतो. आणखी एक विचारते, कारण तुमच्या संपूर्ण मजकुरात यजमानांच्या तपासणीचा शब्दही नाही: त्यांच्या वीर्याची तपासणी शेवटची केव्हा झाली?

सायली_मेलबर्न

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, शेवटच्या प्रश्नाने मी ओशाळले. ती तपासणी दोन वर्षांपूर्वी एकदाच झाली होती. पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. वैद्यांचे नाव नोंदणीच्या यादीत सापडले, परंतु काढ्यातील घटकांची नावे मागितली तेव्हा "घराण्याचा पाठ आहे" असे उत्तर आले, म्हणून काढा मी त्याच क्षणी नाकारला. रोपण ऑगस्टमध्येच होईल. सुयांच्या तीन बैठका मात्र मी ठेवल्या आहेत. निशिगंध म्हणतात तशी झोप मला गेल्या चार महिन्यांत लागलेली नाही आणि तेवढ्यासाठी पैसे मोजायला माझी तयारी आहे.